"कळलं का?" विचारणं बंद: एका वर्गाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

एफवाय बीएस्सीचं दुसरं सत्र आज सुरू झालं. पेपर इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम. पटावर ६४, हजर ४३. कॉलेज नगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका तालुक्याच्या गावी आहे. निम्म्याहून जास्त मुलं एसटीने येतात.

हा प्रकल्प कोणी मला करायला सांगितलेला नाही. गेल्या सत्रात मेकॅनिक्स शिकवताना प्रत्येक तासाच्या शेवटी "कळलं का?" असं विचारायचो आणि वर्ग एका सुरात "हो सर" म्हणायचा. पेपर तपासायला बसलो तेव्हा त्या "हो सर"ची किंमत कळली. म्हणून हे सत्र एकाच कामाला द्यायचं ठरवलं आहे: वर्ग गप्प का बसतो ते शोधायचं आणि त्याला बोलता करता येतं का बघायचं. जे घडेल ते तसंच लिहायचं, फसलेलंही.

पहिलं काम म्हणून फोन टेबलावर ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. स्वतःचा आवाज ४८ मिनिटं ऐकणं ही शिक्षाच आहे. एकूण ३१ प्रश्न विचारले. त्यातले १९ म्हणजे "कळलं का", "बरोबर ना", "पुढे जाऊ?" उरलेल्या १२ पैकी ९ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली. ३ उत्तरं आली, तिन्ही पहिल्या बाकावरच्या एकाच मुलीची.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी पन्नासेक वर्षांपूर्वी शाळांमधल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही तोंड उघडतात. हे मी पूर्वी वाचलं होतं, आणि वाचताना "आपण तर थांबतो" असंच वाटलं होतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज बाजार. हजर ३१.

प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजायचे, असं ठरवून गेलो. पाच सेकंद फार लांब असतात. तिसऱ्या सेकंदाला मुलं खाली बघतात, चौथ्याला कोणीतरी खोकतं, पाचव्याला मला घाम येतो. सहा वेळा थांबलो. पाच वेळा काही नाही, सहाव्या वेळी पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीने उत्तर दिलं.

नुसतं थांबून भागत नाही. गप्प बसायला आणखी काहीतरी कारण आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

तासाच्या शेवटची सात मिनिटं चिठ्ठ्यांना दिली. नाव घालायचं नाही, मराठीत लिहायचं. प्रश्न एकच: वर्गात तुम्ही का बोलत नाही?

४७ चिठ्ठ्या आल्या. बसमध्ये बसूनच वाचून काढल्या.

सगळ्यांत मोठा गठ्ठा इंग्रजीचा, २१ चिठ्ठ्या. "उत्तर येतं पण इंग्लिशमध्ये जुळवेपर्यंत तुम्ही पुढे जाता." "मराठीत बोललं तर चालेल का हे माहीत नव्हतं." हे दुसरं वाक्य वाचून मी बसच्या खिडकीबाहेर बघत बसलो. पेपर इंग्रजीत असतो म्हणून प्रश्न इंग्रजीत विचारायची मला सवय आहे, बाकी सगळं मराठीतच बोलतो. उत्तर मराठीत दिलेलं चालणार नाही, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. चालेल, असंही कधी म्हटलेलं नाही.

मग हसण्याची भीती. "चुकलं की मागचे हसतात आणि ते नंतर आठवडाभर तेच चिडवतात." मुलींच्या असाव्यात अशा काही चिठ्ठ्यांत मागच्या बाकांवरून येणाऱ्या आवाजांचा उल्लेख आहे. हे मला ऐकू येत नाही, कारण तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून असतो.

चार चिठ्ठ्यांत झोप. त्यातली एक: "आठवड्यात तीन रात्री लाईट रात्री असती. कांद्याला दारं धरायला जावं लागतं. बिबट्याची भीती म्हणून दोघं लागतात, मी आणि पप्पा. सकाळी तुमचा पहिला तास."

आणि एक चिठ्ठी, फक्त पाच शब्द: "तुम्हीच उत्तर देता ना सर."

गुरुवार, १९ डिसेंबर

कार्डं तयार केली. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग होता, त्यांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने अ, ब, क, ड. प्रत्येक बाकावर एक संच. (बायकोचं म्हणणं, पत्रिका जपून ठेवायच्या असतात. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही.)

ही पद्धत माझी नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास ती सुरू केली. त्यांचे विद्यार्थी किरचॉफच्या (सर्किटमधल्या करंट-व्होल्टेजच्या) नियमांवरची अवघड गणितं सोडवायचे, पण साध्या तीन दिव्यांच्या सर्किटमध्ये बटण दाबल्यावर कोणता दिवा उजळेल हे सांगताना चुकायचे. मग त्यांनी सांगणं कमी केलं. संकल्पनेवरचा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तर चर्चेला अर्थ असतो. त्याहून कमी असतील तर कोणालाच येत नाही, जास्त असतील तर बोलायला काही उरत नाही.

आजचा प्रश्न: दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडलेत, बॅटरीच्या धन टोकाकडून पहिला येणारा जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल, की दोन्ही सारखे?

हजर ४१. "पहिला जास्त" म्हणणारे २२. सारखे म्हणणारे १४. बाकीचे दुसरा. कोणालाही बरोबर-चूक न सांगता म्हटलं, "शेजारच्याला पटवा. मराठीत, गावच्या भाषेत, कशातही. तीन मिनिटं."

आणि वर्ग फुटला. दुसरा शब्द नाही. "अरे करंट आधी इथं येतो, हा खाऊन टाकणार ना थोडा." "खाऊन टाकतो म्हणजे काय, पाणी पाईपात खातो का कोणी?" शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. मी हात जोडले.

दुसऱ्या फेरीत "सारखे" २९ झाले. मग मी टेबलावर जोडणी करून दाखवली आणि फजिती झाली. पहिला बल्ब चांगलाच जास्त उजळला. "पहिला" म्हणणाऱ्यांनी बाकं बडवली. टॉर्चचे दोन बल्ब, दिसायला जुळे, पण वेगवेगळ्या दुकानांतले, आणि मी आधी तपासून घेतले नव्हते. सारवासारव करायला तोंड उघडणार तेवढ्यात मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "सर, जागा बदला त्यांच्या."

बदलल्या. उजेड बल्बबरोबर गेला, जागेबरोबर नाही. म्हणजे फरक बल्बात होता, आधी-नंतरमध्ये नव्हता. सगळं नीट जमलं असतं तर हे बोलणं झालंच नसतं. त्या मुलाचं नाव मला आज पहिल्यांदा कळलं, तेही हजेरीपटात शोधून. लाज वाटली.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

मधले दिवस एनएसएसच्या हिवाळी शिबिरात गेले. अर्धा वर्ग शिबिरात, उरलेला सुट्टी समजून घरी. दोन तास अकरा जणांवर घेतले. नोंद करण्यासारखं काही नाही. फक्त एवढं, की अकरा जण असले की कार्डं लागत नाहीत.

मंगळवार, ७ जानेवारी

आज एक चूक सुरू केली. तेव्हा ती चूक वाटली नव्हती, म्हणून तारीख टाकून ठेवतो. ठरवलं की बरोबर उत्तर देणाऱ्याला इंटर्नलचा अर्धा मार्क. वहीत खूण करायची, दहा खुणा झाल्या की पाच मार्क.

पहिल्या दिवशी हात वर, आवाज, गलका. फारच खूश होऊन घरी आलो.

सोमवार, १३ जानेवारी

खूश होण्यासारखं काही उरलेलं नाही. चारच तासांत काय झालं ते लिहितो.

कार्ड उचलायच्या आधी पंचवीस माना पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळतात. तिचं कार्ड दिसलं की सगळीकडे तेच अक्षर. चर्चा बंद, कारण शेजाऱ्याला पटवलं तर त्यालाही मार्क मिळतो, मग पटवायचं कशाला. तास संपल्यावर टेबलाभोवती गर्दी असते, पण प्रश्नांची नाही. "सर, माझी खूण राहिली." एका मुलाने तर परवाच्या तारखेची खूण मागितली, तेव्हा तो वर्गातच नव्हता.

एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा एक प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींना पैसे देऊन. पुढे पैसे बंद झाल्यावर पैसे मिळालेली मुलं मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावू लागली. हा प्रयोग मी स्टाफरूममध्ये दोनदा सांगितला आहे, चहा पिताना. आपल्याच वर्गात तो पुन्हा करून बसेन असं वाटलं नव्हतं.

उद्या संक्रांत. परवापासून खुणा बंद. वर्गाला तसं स्पष्ट सांगायचं आणि आतापर्यंतचे मार्क सर्वांना सारखे देऊन टाकायचे.

बुधवार, १५ जानेवारी

खुणा बंद केल्याचं सांगितलं. थोडी कुरकुर. तिळगूळ वाटला, कुरकुर गोड झाली. कार्डं आता छातीशी धरायची, मी "तीन" म्हटल्यावर एकदम वर करायची, डोळे माझ्याकडे.

आजचा विषय कपॅसिटर. दोन पत्रे, मध्ये डायइलेक्ट्रिक म्हणजे विद्युतरोधक थर, क्यू बरोबर सीव्ही (साठलेला भार बरोबर धारिता गुणिले व्होल्टेज). नेहमीप्रमाणे आकृती काढली. मागून तिसऱ्या बाकावर जो मुलगा पहिला तास बहुतेक डोकं टेकूनच काढतो, त्याने मान वर केली आणि विचारलं, "सर, आमच्या मोटरीला कंडेन्सर असतो, तेच का हे?"

मी "हो" म्हणालो आणि पुढे जाणार होतो. सवय. मग थांबलो, पाच अंक मोजले. तोच पुढे बोलला. "म्हणजे सिंगल फेजच्या मोटरीला. तो उडाला की मोटर नुसती हूं करती, फिरत नाही."

तिथून वर्ग माझ्या हातात राहिला नाही. कोणी म्हणालं, पंख्यालाही असतो, तो कमजोर झाला की पंखा मरतुकडा फिरतो. एका मुलीने सांगितलं की त्यांच्या पिठाच्या गिरणीची मोटर हूं करत राहिली आणि वायंडिंग जळालं, वास घरभर. मागून एक आवाज: "विहिरीवरच्या जुन्या मोटरीला आमचे आजोबा शाफ्टला दोरी गुंडाळून झटका द्यायचे, मग पळायची." (हे कोणी करू नका म्हणून मी ओरडून सांगितलं. करतात, हे मलाही माहीत आहे.)

मी २२ वर्षं कपॅसिटर शिकवतोय. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी तो डब्यात, स्टार्टरच्या खोक्यात, पंख्याच्या टोपीखाली आहे. फक्त तिथे त्याचं नाव कंडेन्सर आहे. हा शब्दही चुकीचा नाही, उलट जुना आहे, व्होल्टाच्या काळापासूनचा. पुस्तकांनी तो सोडला, मोटर दुरुस्त करणाऱ्यांनी सोडला नाही. शब्दकोशात "धारित्र" आहे, पण तो मी वर्गात कधी उच्चारलेला नाही आणि मुलांनी कधी ऐकलेला नाही. एका वस्तूची तीन नावं, आणि आमची गाठ पडायला एक पूर्ण सत्र आणि वर महिना जावा लागला.

शेवटी त्या मुलाने विचारलं, "पण कंडेन्सरनं मोटर फिरती कशी? करंट तर नुसता साठवतो ना तो?"

मला नीट सांगता आलं नाही. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण फेजचा फरक, फिरणारं चुंबकीय क्षेत्र हे सगळं या सत्रात नाही, आणि एफवायच्या मुलाला कळेल असं ते उभ्याउभ्या जुळेना. "उद्या सांगतो, वाचून येतो," म्हणालो. वर्गात कुजबुज झाली. मला ती कुजबुज आवडली.

मंगळवार, २१ जानेवारी

"उद्या" म्हणता म्हणता आठवडा गेला.

एका फेजवर फक्त एकच वेटोळं असेल तर चुंबकीय क्षेत्र नुसतं कमी-जास्त होत राहतं, दिशा उलटसुलट होते, पण गोल फिरत नाही. रोटरने, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाने, डावीकडे जायचं की उजवीकडे, हे त्याला कोणी सांगतच नाही. म्हणून हूं. दोरीचा झटका दिला की ज्या बाजूला ढकललं त्या बाजूला तो पळत राहतो. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातल्या करंटला थोडा पुढे सरकवतो, दोन वेटोळ्यांची वेळ वेगळी होते आणि क्षेत्र फिरायला लागतं. समजावताना दोन मुलांना टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना उभं केलं आणि एका दोरीच्या गाठीला आळीपाळीने झटके द्यायला लावले. दोघांनी एकाच वेळी ओढलं की गाठ एका रेषेत हलते. एकाने जरा उशिरा ओढलं की गाठ गोल फिरते. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

तो मुलगा घरून जुना कंडेन्सर घेऊन आला होता, फुगलेला, ॲल्युमिनियमचा डबा. त्यावर लिहिलंय ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. आधी टोकं एका दिव्यातून जोडून मोकळा केला. मुलं म्हणाली, "सर, पक्कडीनं टेकवायची ना." घरी सगळे तसंच करतात, ठिणगी उडते आणि पोरं बघत उभी असतात. मग साठलेल्या ऊर्जेचं गणित: अर्धा सी व्ही स्क्वेअर. ४४० धरून ४.८४ जूल. मी विचारलं, एसीमध्ये ४४० हे कोणतं व्होल्टेज? शांतता, पण मान खाली घालणारी शांतता नव्हती. मग मधल्या रांगेतून, "आरएमएस सर, शिखर जास्त असणार." आरएमएस म्हणजे सतत बदलणाऱ्या व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी. शिखर ६२२ व्होल्ट, ऊर्जा दुप्पट, ९.६८ जूल. पुस्तकातलं तेच सूत्र, ज्याला दरवर्षी जांभया येतात.

आजचा दिवस कार्डांशिवाय गेला.

बुधवार, २९ जानेवारी

तक्रार आली. तीन मुलं, पहिल्या सत्रात चांगले मार्क असलेली, तासानंतर थांबली. बोलणं अगदी नम्र. "सर, चर्चा छान होतात, पण आम्हाला शिकवल्यासारखं वाटत नाही. पूर्वीसारखं लिहून द्याल का?"

राग आला, दोन तासांनी उतरला. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की स्वतः डोकं चालवायला लावणाऱ्या तासात मुलं जास्त शिकतात, पण त्यांना वाटतं की कमी शिकलो. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि त्या सोपेपणालाच आपण समज म्हणतो. मलाही चांगलं भाषण ऐकून घरी येताना तसंच वाटतं. पण हे त्या तिघांना ऐकवून काय मिळणार होतं? त्यांचं दुसरं म्हणणं खरं होतं: मी एक अख्खं युनिट मागे आहे. आणि विद्यापीठाचा पेपर माझ्या प्रकल्पासाठी थांबणार नाही.

तडजोड: दर तासाला एकच कार्डप्रश्न, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. शेवटी फळ्यावर पाच ओळींचा सारांश, इंग्रजीत, पेपरात लिहिता येईल असा. तो वर्गाने सांगायचा, मी लिहायचा.

स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर म्हणाले, "हे बीएडवाले उद्योग कॉलेजात कशाला?" दुसरीकडून निरोप की नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी या उपक्रमाचे जिओटॅग केलेले फोटो द्या, बॅनरसह. बॅनर नव्हता. बॅनर करून, सगळ्यांना त्यापुढे बसवून, कार्डं हातात देऊन फोटो काढायचा असं सुचवण्यात आलं. काढला. फोटोत सगळ्यांच्या हातात "अ" आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

छोटी दुरुस्ती. पश्चिमेकडची एसटी तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी येते. चौदा मुलं रोज दारात उभी, "मे आय कम इन सर", आणि प्रत्येक वेळी तास तुटतो. आता पहिली दहा मिनिटं आधीच्या दिवसाचं एक गणित बाकावर, जोडीने. उशिरा येणाऱ्यांनी न विचारता आत यायचं आणि जोडीला बसायचं. हे सुचायला मला दोन महिने का लागले, याला उत्तर नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पहिल्या बाकावरची मुलगी गप्प झाली आहे.

माझ्या लक्षात उशिरा आलं, कारण वर्गात आवाज भरपूर आहे. पूर्वीच्या तीन उत्तरांपैकी तिन्ही तिची असायची. आता ती कार्ड उचलते, शेजारणीशी चार वाक्यं बोलते, संपलं. जानेवारीच्या शेवटी एका प्रश्नावर तिचं पहिलं मत चुकलं होतं, शेजारणीचं बरोबर. तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली होती. मी त्याला बाहेर काढलं आणि प्रकरण संपलं असं समजलो.

आज लायब्ररीजवळ भेटली. "काय गं, हल्ली बोलत नाहीस?" आधी "काही नाही सर". मग जरा वेळाने, "आधी मला एकटीला यायचं, म्हणून बोलायचे. आता सगळ्यांनाच येतं."

यावर काय बोलावं? माझ्या हिशेबात ती कधीच नव्हती. न बोलणाऱ्यांना बोलतं करायच्या नादात, बोलणारीकडून तिची जागा काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. चर्चेत तिला आपल्याहून कच्च्या जोडीदाराला समजावत बसावं लागतं. ते तिच्या कामाचं असेलही, पण तिला ते आवडतं का, हे मी विचारलेलं नव्हतं. तिला विचारलं, पुढच्या आठवड्याचे प्रश्न तू तयार करशील का? असे, की वर्गातले निम्मे चुकतील. म्हणाली, "बघते."

सोमवार, २४ फेब्रुवारी

तिने तीन प्रश्न आणले. एक माझूर यांच्या दिव्यांच्या सर्किटसारखाच, तिचा तिने काढलेला: तीन सारखे दिवे ओळीत, मधल्याला वळसा घालून एक तार आणि बटण. बटण दाबलं तर उरलेल्या दोघांचं काय होईल? आधीच्या आठवड्यात किरचॉफचं दोन बॅटऱ्यांचं गणित वर्गातल्या बहुतेकांनी बरोबर सोडवलं होतं. या प्रश्नाला पहिल्या फेरीत ४६ पैकी १७ बरोबर. "मधला विझला म्हणजे तार तुटल्यासारखं, सगळे विझणार" हा सर्वांत मोठा गट. हार्वर्ड असो की आमचं एसटी स्टँडमागचं कॉलेज, चूक एकच.

चर्चेनंतर ३५. बटण दाबायला तिलाच बोलावलं. मधला विझला, कडेचे दोन झळाळले. बल्ब यावेळी मी आदल्या दिवशी तपासून, निवडून ठेवले होते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये याच दिवशी लागला, त्यामुळे दरवर्षी रामन यांचं चित्र, हार, पोस्टर स्पर्धा, भाषण. काल मराठी भाषा गौरव दिन होता, त्याच मांडवात कविता झाल्या. खर्च वाचतो.

यंदा आमच्या वर्गाने एक टेबल मागून घेतलं. फलक: "मोटर का जळते?" मुलांनी स्वतः लिहिलेला, मराठीत. जळालेलं वायंडिंग, फुगलेले कंडेन्सर, एक स्टार्टर उघडून ठेवलेला. तीन फेजपैकी एक गेला की उरलेल्या दोन फेजमधून करंट वाढतो, वेटोळी तापतात, वार्निश जळतं. म्हणून स्टार्टरमध्ये, फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर असतो, आणि म्हणूनच तो बायपास करायचा नसतो. रात्री मोटर बंद पडू नये म्हणून कित्येक घरी तो बायपासच असतो.

गावातले एक मोटर वायंडिंगवाले येऊन गेले. दहावीपर्यंत शिकलेले, बोटं तांब्याच्या तारेने चिरलेली. टेबलाजवळ उभे राहून मुलांचं ऐकलं आणि एका वाक्यात दुरुस्ती केली: मोटर जळायचं कारण दर वेळी फेज नसतो, पुष्कळदा बेअरिंग जाम झालेलं असतं. मुलांनी फलकावर ते तिथेच पेनाने लिहून घेतलं. पोस्टर स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. फलकावर खाडाखोड होती, असं परीक्षकांचं मत.

बुधवार, १२ मार्च

उद्या होळी, हजेरी बऱ्यापैकी पातळ. तरी आज पुन्हा फोन टेबलावर ठेवून तास रेकॉर्ड केला.

५० मिनिटं. माझे प्रश्न १४. "कळलं का" दोनदा, सवयीने निसटलं. वर्गातून आलेली उत्तरं आणि उलट प्रश्न मिळून २६, किमान ११ वेगवेगळे आवाज. बारावा होता की नाही याची खात्री नाही, बाहेरून ट्रॅक्टर जात होता. सगळ्यात लांब शांतता सात सेकंदांची, आणि ती मी मोडली नाही.

इंटर्नल टेस्टचं सांगायचं तर: संकल्पनेचे प्रश्न गेल्या वर्षीच्या बॅचपेक्षा बरे लिहिलेत. गणितांत काही फरक नाही. व्याख्या लिहायच्या प्रश्नात ही बॅच थोडी मागेच आहे. दोन्ही वर्षांची मुलं वेगळी, पेपरही सारखे नव्हते, त्यामुळे या तुलनेला मी फार भाव देत नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले, त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात ३३.८ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८. ते आकडे भक्कम आहेत. माझे एका वर्गाचे, एका सत्राचे आणि माझ्याच हातचे.

तक्रार घेऊन आलेल्या तिघांपैकी दोघं अजूनही नाराज आहेत. बहुतेक गुरुवारी हजेरी अजूनही तीसच्या आसपास. बाजारापुढे कार्डं चालत नाहीत.

गुरुवार, २० मार्च

शेवटचा तास. कार्डं गोळा केली. कोपरे मऊ झालेत, एका "ब"च्या मागे कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त अजून वाचता येतो.

कंडेन्सरवाला मुलगा आज डोकं टेकून झोपला होता. गव्हाला शेवटचं पाणी चालू आहे, रात्रीची लाईट. पूर्वी मी त्याला उठवायचो. आता उठवत नाही, शेजाऱ्याला सांगून ठेवलंय की कार्डप्रश्न आला की कोपर मार. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला, डोळे लाल.

"सर, पेपरात कंडेन्सर लिहिलं तर मार्क कापतील का?"

"तपासणारे कोण असतील माहीत नाही. कपॅसिटर लिही."

"आणि कंडेन्सर कंसात?"

"लिही."

त्याने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द इंग्रजीत लिहून दाखवले. कपॅसिटरच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं. कंडेन्सर बरोबर होता.